बेल्ट शिवायला महिन्यात शिकले, माप घ्यायला दीड वर्ष लागलं

माझा धाकटा भाऊ आर्म्ड गार्ड आहे, दिवसाचे दहा-बारा तास कमरेला पिस्तूल. मी तेव्हा बॅगा शिवायचे, म्हणजे सॅकचे तुटलेले पट्टे, चेन बदलणं, असली डागडुजी. एक दिवस तो त्याचा चामड्याचा बेल्ट घेऊन आला, म्हणाला ताई याचं काहीतरी कर ना. बघते तर बेल्ट होल्स्टरच्या, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानाच्या जागी पार पालथा पडलेला, भोकं ओढून ओढून लांबट झालेली आणि आतून घामाने काळा पडून वास मारत होता.

मला आधी वाटलं चामडंच हलकं निघालं असेल, पण तसं नव्हतं. भरलेलं पिस्तूल एक किलोच्या आसपास जातं आणि ते सगळं वजन कमरेच्या एकाच बाजूला, चार बोटांच्या जागेत. साधा बेल्ट पँट वर धरायला असतो, वजन लटकवायला नाही, मग तो तिथे वळतो, होल्स्टर बाहेरच्या बाजूला कलतं आणि पिस्तूल काढायला गेलं की होल्स्टरच बरोबर वर येतं. दुखणं जुनंच आहे म्हणा. सॅम ब्राउन नावाचा ब्रिटिश फौजेतला अधिकारी होता, 1858 मध्ये लढाईत त्याचा डावा हात गेला, मग एका हाताने तलवार उपसता यावी म्हणून त्याने कमरेच्या पट्ट्याला खांद्यावरून तिरपा पट्टा जोडला, तोच पुढे कितीतरी देशांच्या फौजेत आणि पोलिसांत गेला. पण रोजच्या शर्ट-पँटवर तिरपा पट्टा घालून कोण फिरणार, म्हणजे कमरेचाच पट्टा कडक करणं आलं.

माझ्याकडे सॅकच्या कामाची नायलॉन वेबिंग, म्हणजे विणलेली जाड पट्टी, पडलेली होती, 38 मिलिमीटरची म्हणजे दीड इंची, पँटच्या लूपमधून आरामात जाते. दोन थर एकावर एक ठेवले आणि घरच्या मशीनवर घातले. दोन सुया मोडल्या, तिसऱ्या वेळी खाली बॉबिनच्या दोऱ्याचं घरटं झालं. घरचं मशीन एवढ्या जाड कामासाठी नसतंच, जाड दोरा त्याला पेलत नाही. मग जुनं वॉकिंग फूट मशीन घेतलं, त्यात कापड दाबणारा पाय, सुई आणि खालचे दात तिघं मिळून कापड पुढे नेतात त्यामुळे वरचा थर मागे रेंगाळत नाही. त्याला क्लच मोटर होती, पायाला जरा धक्का लागला की घोडं उधळल्यासारखी सुटायची, ती काढून हवी तेवढी हळू चालणारी सर्वो मोटर लावली तेव्हा कुठे एकेक टाका बघत शिवता यायला लागलं. दोरा 138 नंबरचा बाँडेड नायलॉन, सुई 22 नंबर. ही जोडी जमली आणि सुया मोडायच्या थांबल्या.

नुसते दोन थर पण पुरे होत नाहीत. मधे प्लास्टिकची पट्टी घालावी लागते, मी एचडीपीई नावाच्या चिवट प्लास्टिकची साधारण 1 मिलिमीटरची घालते. पहिल्यांदा मी शहाणपणा करून पट्टी बेल्टएवढीच रुंद कापली आणि त्यातूनच शिवण मारली. सुईने पाडलेल्या भोकांची सरळ रेघ, स्टँपच्या कागदाला असते ना तशी, आणि महिन्याभरात बरोबर त्या रेघेवर पट्टी फाटली. आता पट्टी 25 मिलिमीटरची, दोन्ही शिवणींच्या मधल्या जागेत मोकळी सरकते, टोकं गोल केलेली, कारण चौकोनी टोक दोन आठवड्यांत वेबिंगमधून डोकं बाहेर काढतं.

माझ्याकडे पिस्तूल नाही आणि भावाचं ड्युटी संपली की जमा होतं, मग टेस्ट कशावर करायची? एक लिटरची पाण्याची बाटली! भरली की बरोबर एक किलो. पट्ट्याने बेल्टला बांधायची आणि दिवसभर घरात फिरायचं, वाकायचं, जिने चढायचे, खुर्चीत बसायचं. बाटली कलली की बेल्ट नापास. घरच्यांनी पहिले चार दिवस हसून घेतलं, नंतर सवय झाली त्यांना.

भावाचा बेल्ट झाला, त्याच्या बरोबरच्या दोघांनी मागितला, मग अजून पाच जण, आणि मला वाटलं चला धंदा सुरू. महिन्याभरात हात बसला होता, टाके सरळ येत होते, बकलपाशी चौकोनात फुली मारलेली शिवण एकदम कंपनीच्या मालासारखी दिसत होती. ऑनलाइन टाकले. जाहिरात दिली ती रिजेक्ट झाली. परत दिली, परत रिजेक्ट. शस्त्रविक्रीची जाहिरात म्हणे. अहो पट्टा आहे तो, कापडाचा! जाहिरात तपासणारं मशीन फक्त ‘गन’ हा शब्द वाचतं, पुढचं कोण बघतंय. ‘होल्स्टरसाठी कडक बेल्ट’ असं लिहिलं, फोटोत होल्स्टर रिकामं ठेवलं, तेव्हा जाहिरात गेली. पेमेंटवाल्यांनी पण मधेच पैसे अडकवून ठेवले होते, त्यांना कच्च्या मालाची बिलं आणि शिवताना काढलेले फोटो पाठवत बसले, नऊ दिवस गेले त्यात. कोणाला हा धंदा करायचा असेल तर मालाचं नाव आधी ठरवा, बेल्ट नंतर शिवा.

आणि मग सुरू झाले रिटर्न.

शिवण उसवली, बकल तुटलं म्हणून एकही नाही. सगळे साइजचे! गिऱ्हाईक लिहितं 34. का तर पँटवर 34 लिहिलंय. पण पँटवरचा आकडा म्हणजे कंपनीने गिऱ्हाइकाला खूश करायला लावलेलं लेबल असतं, टेप लावून बघा, 36 नाहीतर 37 भरते. त्यात कोणी होल्स्टर पँटच्या आत खोचतं, तिथे घेर अजून साधारण 5 सेंटीमीटर वाढतो. मी 34 चा बेल्ट शिवून पाठवायचे, तो शेवटच्या भोकापर्यंत पण पोचायचा नाही. शिवलेला बेल्ट लांब करता येत नाही, त्या मापाचं दुसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो पडून. एका वेळी माझ्याकडे असे सतरा बेल्ट खुंटीला लटकत होते.

मग म्हटलं जुन्या बेल्टचं माप मागायचं. बेल्ट सरळ पसरा, बकलच्या घडीपासून रोजच्या भोकापर्यंत मोजा, एवढं सोपं. लोकांनी बकलच्या टोकापासून मोजलं, कोणी शेपटीच्या टोकापर्यंत मोजलं, एका काकांनी बेल्ट गोल ठेवून आतून टेप फिरवली. शेवटी फोटोच मागायला लागले, टेप बेल्टशेजारी ठेवून. फोटोत रोजचं भोक कोणतं ते विचारावंच लागत नाही, लांबट झालेलं असतं ते.

तरीही बेल्ट थोडे घट्टच व्हायचे, सगळेच, आणि एवढं माप घेऊन का घट्ट होतात हे मला कळेना, रात्री झोप नाही. उत्तर सापडलं ते शाळेच्या गणितात. जाड पट्टा सरळ मोजला की एक लांबी येते, पण तो गोल केला की आतली बाजू आखडते आणि बाहेरची ताणते. आतला घेर सरळ लांबीपेक्षा जाडी गुणिले 3.14 एवढा कमी भरतो. माझा बेल्ट पट्टीसकट 5 मिलिमीटर जाड, म्हणजे जवळजवळ 16 मिलिमीटर गायब! गिऱ्हाइकाचा जुना बेल्ट 3 मिलिमीटरचा असेल तर त्याचे गेलेले असतात 9. हा मधला 6-7 मिलिमीटरचा फरक तो माझ्या नावाने खडे फोडत पोटात घेत होता. आतल्या थराला सुरकुत्या का पडतात हे पण तेव्हाच कळलं, मी दोन्ही थर टेबलावर सपाट ठेवून शिवत होते. आता शिवतानाच बेल्टला जरा बाक देते, आतला थर बकलच्या दुसऱ्या टोकाला थोडा सरकू देते आणि जास्तीचा मग कापते.

त्यानंतर माझ्या डोक्यातून निघालेली सगळ्यात भारी आयडिया आणि सगळ्यात मोठा घोळ, कागदी टेप. पीडीएफ बनवली, गिऱ्हाइकाने प्रिंट काढायची, चिकटवायची, कमरेला गुंडाळायची. चार दिवस मी स्वतःवर खूश होते. मग एका गृहस्थांचा बेल्ट तब्बल 6 सेंटीमीटर मोठा झाला, ते पण चिडले आणि मी पण, कारण त्यांनी सांगितलं होतं तेवढाच शिवला होता. प्रिंटरने पान मावावं म्हणून चित्र 94 टक्के केलं होतं. छापील 106 सेंटीमीटर म्हणजे खरे 100 पण नाहीत. दोष कुणाचा? माझाच, मी पानावर तपासायला एक रेघ तरी द्यायला हवी होती.

त्यापेक्षा सोपं काम समोर पडलं होतं, कापून उरलेले वेबिंगचे तुकडे. ते जोडून लांब पट्ट्या केल्या आणि दर सेंटीमीटरला पांढऱ्या दोऱ्याचा टाका, दर दहाला लाल. ही पट्टी गिऱ्हाइकाला कुरिअरने जाते, त्याने ती पँटच्या लूपमधून घालायची, होल्स्टर नेहमीसारखं लावून, आणि जिथे जुळते तिथला फोटो पाठवायचा. पट्टी बेल्टएवढीच जाड, त्यामुळे गणित आपोआप मिटतं. चार-पाच दिवस जास्त जातात आणि काही गिऱ्हाइकं वैतागून निघून जातात, जाऊ देत. साइजचे रिटर्न जवळपास बंद झाले. परत मागवलेल्या पट्ट्यांपैकी अर्ध्या येत नाहीत, त्याचं मी आता काही मनावर घेत नाही.

बकलबद्दल थोडं सांगते कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात. सगळ्यांना कोब्रा बकल पाहिजे असतं, दोन्ही बाजूंनी दाबलं की उघडणारं, ताणाखाली न उघडणारं. त्यावर 18 किलोन्यूटन लिहिलेलं असतं, म्हणजे अठराशे किलोच्या आसपास. कमरेला आपण लटकवतो एक किलो! खरं तर लोक त्या ‘खट्’ आवाजाचे पैसे देतात, मला पण तो आवाज आवडतो, खोटं कशाला बोलू. अडचण ही की बकल पट्ट्यापेक्षा रुंद असतं, ते लूपमधून जात नाही, म्हणून एका बाजूचं काढता-घालता येईल असंच शिवावं लागतं. एका होलसेलरने मला ओरिजिनल म्हणून नकली बकलं दिली होती, दिसायला तंतोतंत, फक्त दाबताना एक कान जरा अडकायचा. चाळीस नगांचे पैसे बुडाले. आता येणारं प्रत्येक बकल पन्नास वेळा दाबते, टीव्ही बघत बघत.

पावसात-घामात काम करणाऱ्यांनी कोटेड वेबिंगचा मागावा, आत पॉलिएस्टर आणि वर प्लास्टिकचं कोटिंग. पाणी पीत नाही, ओल्या फडक्याने पुसला की झालं. नायलॉन ओला झाला की जरा सैलावतो, पॉलिएस्टरचं तसं होत नाही. पण एक गोष्ट, नायलॉन आम्ही गरम सुरीने कापतो म्हणजे कड वितळून बंद होते, कोटिंग पीव्हीसीचं असेल तर हे बिलकुल करायचं नाही, त्याचा धूर घशाला आणि डोळ्याला लागतो, विषारी असतो. मी एकदा केलं, संध्याकाळपर्यंत खोकत होते. ते साध्या धारदार सुरीने कापायचं आणि भोकं पंचने पाडायची.

पैशाचा हिशोब मी फार उशिरा केला. एक आठवडा घड्याळ लावून बसले. दहा बेल्ट एकदम कापून शिवले तर एकाला पन्नास मिनिटं, आणि त्याच बेल्टसाठी मेसेजला उत्तरं, मापाचे फोटो तपासणं, पॅकिंग, कुरिअर मिळून एक तास दहा मिनिटं. म्हणजे मी शिवणकाम करत नव्हते, फोनवर बोलत होते आणि मधे मधे शिवत होते! दर लावताना मी फक्त शिलाई धरली होती. दर वाढवला तेव्हा धाकधूक होती, पाचसहा जण कमी झाले, बाकीच्यांनी विचारलं पण नाही का वाढवला म्हणून.

मागच्या महिन्यात एका सिक्युरिटी एजन्सीची साठ बेल्टची ऑर्डर आली. त्यांनी युनिफॉर्मच्या यादीतून पँटचे साइज पाठवले, छान टाइप केलेला कागद, सही-शिक्का. मी म्हटलं साहेब, यावर मी शिवणार नाही. ते म्हणाले मॅडम युनिफॉर्म याच मापावर शिवलेत. मी म्हटलं म्हणूनच. शेवटी मापाच्या सहा पट्ट्या घेऊन स्वतः गेले, शिफ्ट बदलताना सगळ्यांना रांगेत उभं करून दोन तासांत मापं घेतली, भाऊ लिहून घेत होता. साठपैकी यादीशी जुळली अकरा.

ती ऑर्डर चालू आहे अजून, चव्वेचाळीस झालेत. काल रात्री शिवता शिवता नवीन मेसेज आला, “ताई एक बेल्ट पाहिजे, काळा, साइज 34, पँटवर बघून सांगतोय.” सकाळी पट्टी कुरिअरला दिली.