मोरबेचं पाणी आणि आमच्या घरातली लाल कोळंबी

पहिल्या १२ कोळंब्यांपैकी १० पाच दिवसांत गेल्या. सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी मी टाकीपाशी जायचे आणि तळाशी एखादी गुलाबी होऊन पडलेली दिसायची. चेरी कोळंबी जिवंत असताना लाल आणि किंचित काचेसारखी असते. मेली की उकडल्यासारखी गुलाबी पडते, तिच्यातून आरपार काही दिसत नाही. तो रंग माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

टाकी आणली होती अण्णांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं फिरणं घरापुरतं उरलं होतं. नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये मोठ्या माशांना पुरेल एवढी जागा नव्हती. मुलानं ही बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी होणारी कोळंबी सुचवली. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टाकी घेतली. काठोकाठ भरली तर ५६ लिटर, पण वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ च्या आसपास पाणी राहतं. दुकानदारानं सांगितलं, "ताई, हायपोचे खडे टाका, दोन दिवस पाणी मुरू द्या, मग बिनधास्त सोडा."

हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. त्यानं नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जातं, तेवढं खरं. पण कोळंबी मेली ती क्लोरीननं नाही. अमोनिया तपासायची बाटली मी उशिरा आणली. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवंगार झालं तेव्हा उलगडा झाला. कोळंबीची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजतं, त्याचा अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ कोळंबीला विष, तिसरा बराच सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू नसतातच. ते वाढून टाकीत स्थिरावण्याला शौकीन मंडळी 'सायकल होणं' म्हणतात. मला मात्र ते विरजणासारखं वाटतं. दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय आणि वेळ दिल्याशिवाय दही लागत नाही.

मग अक्षरशः विरजणच लावलं. उरलेल्या दोघी सानपाड्याच्या एका मैत्रिणीच्या जुन्या टाकीत पोचत्या केल्या आणि येताना तिच्या स्पंज फिल्टरचं पिळलेलं, त्या जिवाणूंनी भरलेलं गढूळ पाणी बाटलीतून घेऊन आले. आमच्याकडे स्पंज फिल्टरच आहे, हवेच्या पंपावर चालणारा. मोटरचा फिल्टर पिल्लं ओढून घेतो, म्हणून कोळंबीला हाच बरा. रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकायचं, ते कुजू द्यायचं आणि दर तीन दिवसांनी पाणी तपासायचं. अमोनिया चढला, उतरला, मग नायट्राइट चढलं. ३८ व्या दिवशी दोन्ही शून्य. तोवर काचेवर तपकिरी थर आला, मग हिरवा. जावा मॉस या पाणवनस्पतीला नवे कोंब फुटले. अण्णा रोज विचारायचे, "रिकामी टाकी किती दिवस बघायची?" पण त्या थरातच कोळंबीचं खरं अन्न असतं. ती दिवसभर तेच टिपत असते, म्हणून मागच्या काचेवरचा थर मी आजही पुसत नाही.

दुसऱ्या खेपेला रविवारी कुर्ल्याला जाऊन २० आणल्या. पिशवीत मॉसचा एक झुपका टाकून घेतला, धरायला काही असलं की त्या गाडीच्या हिसक्यात कमी धडपडतात. हार्बर लाइननं तासाभरात घरी. यावेळी पिशवीतलं पाणी भांड्यात काढलं आणि मेडिकलमधून आणलेला सलाइनचा सेट टाकीतून त्या भांड्यात सोडला. त्याच्या चाकानं थेंब हवे तसे कमी-जास्त करता येतात. सेकंदाला दोन थेंब, असे दोन तास. कोळंबीला एखादवेळी वाईट पाणी सोसतं, पण एकदम बदललेलं पाणी सोसत नाही.

तीन आठवडे सगळं छान चाललं. मग पुन्हा मरू लागल्या, पण या वेळी निराळ्या. एकेक, चार-पाच दिवसांच्या अंतरानं, आणि प्रत्येकीच्या डोक्यामागे पाठीभोवती पांढरं कडं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. इथे मी सर्वांत जास्त शिकले.

कोळंबी वाढते तशी अंगावरचं कवच टाकते. जुनं कवच पाठीवर उकलतं आणि ती एका झटक्यात बाहेर पडते. नव्या कवचासाठी तिला पाण्यातून कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं तर कवच नीट उकलत नाही, भोवती गोल फाटतं आणि ती आतच अडकून मरते. ते पांढरं कडं याचंच. नवी मुंबईला पाणी येतं खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून. पावसाचं, सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून आलेलं पाणी. प्यायला गोड, डाळ पटकन शिजते, साबणाला फेस भरपूर. म्हणजेच हलकं, क्षार कमी असलेलं. चाचणीच्या बाटलीतून एकेक थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायचं असतं, जितके थेंब तितके अंश कठीणपणा. माझ्या पाण्याचा रंग दुसऱ्याच थेंबाला बदलला. या जातीला ६ ते ८ तरी हवेत. जे पाणी आपण कौतुकानं पितो तेच तिला उपाशी ठेवत होतं.

शेजारच्या ताई करावे गावच्या. पहिल्यांदा टाकी पाहिली तेव्हा म्हणाल्या होत्या, "अगो, ही तर करंदी!" त्यांना अडचण सांगितली तर दुसऱ्या दिवशी माकुळाच्या पाठीचं हाड घेऊन आल्या. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन म्हणून मिळतं तेच. उकळून, दोन दिवस गोड्या पाण्यात भिजवून, खार काढून टाकलं. त्याचा आधार झाला, कोळंब्या त्यावर बसून कुरतडायच्या. पण ते सावकाश विरघळतं आणि त्यात मॅग्नेशियम जवळजवळ नसतंच, तेही लागतं. शेवटी कोळंबीसाठीचा क्षारांचा तयार डबा आणला आणि बदलायच्या पाण्यातच मिसळू लागले. एकदम नाही, आठवड्याला एक अंश या बेतानं ७ पर्यंत. पांढरं कडं त्यानंतर दिसलं नाही. टाकलेली रिकामी कवचं मी काढत नाही, कोळंब्या ती खातात.

मार्चमध्ये एके संध्याकाळी अण्णांनी हाक मारली. सगळे नर वेड्यासारखे टाकीभर पोहत होते. मला वाटलं पुन्हा काही बिघडलं, पाणी तपासायला धावले. पाणी उत्तम होतं. मादीनं नुकतीच कात टाकली की तिच्याकडून पाण्यात गंध सुटतो आणि नर तिला शोधत फिरतात. दोन दिवसांनी एका मोठ्या मादीच्या पोटाखाली हिरवट-पिवळ्या अंड्यांचा घोस दिसला. अण्णांनी भिंग लावून २६ मोजली. ती पोटाखालच्या पायांनी अंडी सतत हलवत होती, वारा घालावा तशी. तसं केलं नाही तर अंड्यांना बुरशी लागते. २४ व्या दिवशी पोट रिकामं झालं आणि मॉसमध्ये पांढुरक्या रेषा हलल्या. जेमतेम दोन मिलिमीटरच्या, पण मिशांसकट पूर्ण कोळंब्या! चेरीचं हे फार मोठं सुख आहे. शेवाळ खाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या अमानो कोळंबीची पिल्लं जगायला खारं पाणी लागतं, हिची थेट गोड्या पाण्यात वाढतात. त्या रात्री अण्णांना जेवायला तीनदा बोलवावं लागलं.

मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर गेलं. पाण्यावर वारा पडेल असा छोटा पंखा लावून २८ वर आणलं. पाणी उडून जातं पण क्षार मागे राहतात, म्हणून ती तूट आरओच्या पाण्यानं भरायची. उन्हाळा तेवढ्यावर निभावला.

जुलैत जे झालं ते माझ्या हातून झालं. नणंद बाळाला घेऊन राहायला आली होती, डेंग्यूच्या बातम्या येत होत्या. मी हॉलमध्ये डासांचं लिक्विडचं मशीन लावलं, त्याच एक्स्टेंशन बोर्डवर ज्यावर टाकीचा एअर पंप होता. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. मशीनमधलं कीटकनाशक रात्रभर बुडबुड्यांतून थेट टाकीत जात राहिलं. हे औषध डासांच्या मज्जातंतूंवर काम करतं, आणि कोळंबी कवचाच्या नात्यानं किड्यांची जवळची नातेवाईक. सकाळी त्या उलट्या पडून पाय झाडत होत्या, काही गोल गोल गरगरत होत्या. निम्मं पाणी बदललं, फिल्टरजवळ अॅक्टिव्हेटेड कार्बनची पुरचुंडी ठेवली, दुपारी पुन्हा पाणी बदललं. तरी ४० हून जास्त गेल्या. अंडी धरलेल्या चारपैकी एक वाचली.

आता घरात मच्छरदाणी आहे आणि खिडक्यांना जाळ्या. पंप आतल्या खोलीत ठेवून लांब नळी काढली आहे. सोसायटीत धूर मारायला येतात त्या दिवशी खिडक्या लावून अर्धा तास पंप बंद ठेवते. माशांचं कोणतंही औषध या टाकीत टाकत नाही, कारण बऱ्याच औषधांत तांबं असतं आणि ते कोळंबीला मारतं. नवी वनस्पती आणली की आठवडाभर बादलीत, रोज पाणी बदलून.

रोजचं काम फारसं नाही. आठवड्याला ४ लिटर पाणी बदलणं, स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळणं. खायला दोन दिवसांआड, तेही दोन तासांत संपेल एवढंच. उकडलेलं पालकाचं पान त्यांना फार आवडतं. रस्त्याकडेच्या बदामाची लाल होऊन गळलेली पानं अण्णा नातवाकडून गोळा करून घेतात. धुऊन वाळवून एक टाकलं की दोन आठवड्यांत शिरांची जाळी उरते.

मुलाला निळी आणि पिवळी कोळंबीही हवी होती. त्या वेगळ्या जाती नाहीत, एकाच जातीतून निवडून निवडून काढलेले रंग आहेत. एकत्र ठेवल्या तर पुढच्या पिढ्या रानातल्या मूळ कोळंबीसारख्या मातकट होत जातात. म्हणून लालच. संख्या वाढल्यावर कुणी सुचवलं, ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्यात सोडून द्या. ते मी कधीच करणार नाही. ही कोळंबी मूळची चीन-तैवानकडची. जर्मनीत वीजकेंद्राच्या पाण्यानं कोमट राहणाऱ्या एका ओढ्यात ती मोकळी वाढताना सापडली आहे, आणि आपल्याकडे तर पाणी बारा महिने कोमट. जास्त झालेल्या मी ओळखीत देते.

मध्यंतरी ऐरोलीच्या एक बाई न्यायला आल्या. त्यांना मी कोळंबी दिली नाही. माझ्या स्पंजचा एक तुकडा ओल्या पिशवीत बांधून दिला, रोज चिमूटभर खाणं टाकायला सांगितलं आणि सहा आठवड्यांनी अमोनियाच्या चाचणीच्या नळीचा फोटो पाठवा म्हटलं. थोड्या खट्टू होऊन गेल्या. काल फोटो आला. नळीतलं पाणी स्वच्छ पिवळं होतं. अण्णांनी तो भिंगातून पाहिला आणि जाळी मागितली, २० चांगल्या निवडून ठेवायला.