कोकणी, कोकणस्थ आणि घाटी

माणूस कुठला हे सांगताना गावाच्या नावाला 'कर' लागतो, प्रदेशाच्या नावाला बहुधा 'ई': सांगलीकर, पण खानदेशी. साताऱ्याचा शेवटचा 'आ' गळून सातारकर होतो. पुणेकरात मात्र 'ए' टिकतो.

खरी गफलत कोकणात. मालवणचा गाबित (मच्छीमार समाजातला) कोकणी माणूस आहे, कोकणस्थ नव्हे. 'कोकणस्थ' म्हणजे चित्पावन ब्राह्मण, मग ते पिढ्यान्‌पिढ्या सदाशिव पेठेत का राहत असेनात! 'देशस्थ'चंही तसंच: तेही ब्राह्मणांच्या एका पोटजातीचं नाव, देशावरच्या कुणाचंही नव्हे.

वऱ्हाड म्हणजे अमरावती-अकोल्याकडचा पट्टा, त्यामुळे नागपूरकराला सरसकट वऱ्हाडी म्हणू नये. (लग्नातले वऱ्हाडी वेगळे, ते कुठलेही असतात.)

'घाटी'चा मूळ अर्थ घाटावरचा, एवढाच. मुंबईत तो हिणवायला वापरतात, म्हणून लिहिताना 'घाटावरचे' लिहिलेलं बरं.