शाफ्ट तुटला, पण वेल्डिंग शाबूत होतं

बोटीचा शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारी फिरती सळई, तुटला तर तुटलेली दोन तोंडं एकमेकांना लावून बघू नका. हात शिवशिवतात, मला ठाऊक आहे. पण ती एकमेकांवर घासली की त्यांच्यावरच्या खुणा पुसल्या जातात, आणि शाफ्ट का तुटला हे सांगणारं दुसरं काही मागे उरत नाही. वायर ब्रशही मारू नका. गोड्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवायचं. कोल्हापूरच्या टेस्टिंग लॅबमधल्या मॅडमनी हे मला फोनवर सांगितलं. वेळेवर सांगितलं, म्हणूनच पुढचं सगळं कळलं.

आमचा ट्रॉलर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला. मेच्या अखेरीस, पावसाळी मासेमारीबंदीला थोडेच दिवस उरले असताना, जाळं ओढता ओढता शाफ्ट गेला. इंजिन एकाएकी मोकळं फिरायला लागलं आणि बोट जागच्या जागी डुलायला लागली. पंखा तुकड्यासकट मागे सरकून सुकाणूला अडकला, म्हणून निदान तो तळाला गेला नाही. शेजारच्या बोटीने दोर टाकून आम्हाला बंदरात आणलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे शोध घ्यायला पावसाळा हाताशी होता. एरवी कुणालाच एवढी उसंत नसते. तुटलेला शाफ्ट भंगारात जातो, नवा बसतो, आणि तोही तसाच तुटतो.

शाफ्ट अडीच इंची, ३०४ या नेहमीच्या जातीच्या स्टेनलेसचा. शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथे ग्लँड असतो, त्यातल्या पाणी अडवणाऱ्या पॅकिंगने घासून घासून त्याला खाच पडली होती. ती आदल्या पावसाळ्यात एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगने भरून, लेथवर टर्न करून घेतली होती. किनाऱ्यावर सगळे हेच करतात, कारण नवा शाफ्ट परवडत नाही. तुटला तो त्या भरलेल्या जागेच्या जवळच. पण वेल्डिंगमध्ये नाही! वेल्डिंगची कड संपते तिथून थोडं पुढे, न भरलेल्या, मूळच्या सळईत. वेल्डिंग शाबूत होतं. त्यामुळे बंदरावर जवळजवळ एकमताने निकाल लागला, माल खोटा.

आमची बोट चालवणाऱ्या तांडेलमामांनी तर खिशातून लोहचुंबक काढून लावूनच दाखवला. भरलेल्या पट्ट्यावर तो किंचित धरत होता. "बघ, चिकटतंय. डुप्लिकेट माल गळ्यात मारलाय तुझ्या." स्टेनलेस पारखायची ही रीत भंगारवाल्यापासून भांड्यांच्या दुकानापर्यंत सगळीकडे चालते, म्हणून मीही आधी तेच धरून चाललो होतो.

आंबा घाट उतरणाऱ्या ढगांत बुडालेला असताना दोन्ही तुकडे गाडीत घालून कोल्हापूरला गेलो. तिथे फाउंड्र्या पुष्कळ, त्यामुळे धातू तपासणाऱ्या लॅबही आहेत. मॅडमनी सगळ्यात आधी मालाची रासायनिक तपासणी केली. क्रोमियम १८ टक्क्यांच्या वर, निकेल ८च्या वर, कार्बन ०.०६. म्हणजे अस्सल ३०४. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती. लोहचुंबकाचा उलगडाही तिथेच झाला. वेल्ड थिजताना त्यात फेराइट नावाच्या रचनेचा थोडा भाग उरतो, तो चुंबकाला धरतो. आणि तो थोडा असावा अशीच वेल्डिंगवाल्यांची इच्छा असते, कारण त्याने वेल्ड थिजताना तडकत नाही. थंड अवस्थेत ओढलेली ३०४ची सळईही थोडी चिकटते. चुंबकाने माल खरा-खोटा ठरवणं त्या दिवसापासून मी सोडलं.

मग तुटलेलं तोंड. मॅडमनी ते भिंगाखाली तिरप्या उजेडात धरलं आणि मला बघायला लावलं. बाहेरच्या कडेला एक काळपट, खडबडीत, खाल्लेला पट्टा होता. तिथून आत, भरती ओसरताना पुळणीवर एकामागे एक उरतात तशा कमानदार रेघा. विरुद्ध कडेला छोटासा खरबरीत भाग, जिथे शेवटी तुटला तो. रेघा म्हणजे फटीग, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणाने धातू थकून हळूहळू फाटणं. फट थोडी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. शेवटचा भाग एवढा छोटा, याचा अर्थ शाफ्टवर भार बेताचाच होता. बारीक शाफ्ट बसवला, इंजिनाची ताकद जास्त झाली, हे बंदरावरचे बाकीचे तर्क तिथेच संपले. प्रश्न उरला तो एवढाच की फट त्या काळपट पट्ट्यातच का सुरू झाली.

पुढचं काम मी उभं राहून पाहिलं, आणि मला सगळ्यात जास्त आवडलं तेही हेच. भरलेला पट्टा, त्याच्या शेजारची जागा आणि मूळची सळई असे तिन्ही भाग एकत्र येतील असा छोटा तुकडा पाण्याची धार सोडत सावकाश कापला. कापताना तापला तर आतली रचनाच बदलेल, म्हणून घाई नाही. तो बेकेलाइटच्या गोळीत बसवला. मग एमरी पेपर, २२०, ४००, ६००, ८००, १०००. प्रत्येक कागदावर तुकडा आधीच्या दिशेशी काटकोनात फिरवायचा आणि आधीचे ओरखडे पुरते गेल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही. शेवटी मखमलीच्या फिरत्या चकतीवर अॅल्युमिनाची बारीक पूड. तुकडा आरशासारखा झाला, तरी सूक्ष्मदर्शकात नुसता पांढरा उजेड आणि चार-दोन काळे ठिपके. धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनलेला असतो ते कण दिसायला आम्लाचा चटका द्यावा लागतो. १० टक्के ऑक्झॅलिक आम्ल, प्रत्येक चौरस सेंटिमीटरला १ अँपिअर करंट आणि दीड मिनिट. एएसटीएम ए२६२ या मानकात ही पद्धत दिलेली आहे.

यानंतर जे दिसलं ते मी विसरणार नाही. शाफ्टच्या मूळ भागात कण नीटस, त्यांच्या सीमा बारीक पायऱ्यांसारख्या, कणांच्या पोटात सरळ समांतर पट्टे. मॅडम तुकडा हळूहळू वेल्डच्या दिशेने सरकवत गेल्या. एका टप्प्यावर सीमा जाड व्हायला लागल्या, आणि थोडं पुढे तर प्रत्येक कणाभोवती काळा खंदक. बाहेरच्या पृष्ठभागापासून आत आलेल्या बारीक भेगा त्या खंदकांतूनच वाट काढत गेलेल्या. आणखी सरकवलं तर खंदक पुन्हा विरळ झाले आणि वेल्ड सुरू झालं, फांद्याफांद्यांची वेगळीच रचना. एकच धातू, नखाएवढ्या तुकड्यात तीन तऱ्हा.

कारण असं. स्टेनलेस गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि खरचटला तर पुन्हा धरतो. त्यासाठी निदान साडेदहा-अकरा टक्के क्रोमियम मोकळं असावं लागतं. पण धातू साधारण ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळला, तर त्यातला कार्बन कणांच्या सीमांवर येतो आणि तिथलं क्रोमियम पकडून कार्बाइड बनवतो. सीमेला लागून असलेली बारीक पट्टी क्रोमियमला मुकते. संपूर्ण शाफ्टमध्ये क्रोमियम १८ टक्केच राहतं, रासायनिक तपासणीत काही कमी दिसत नाही, पण त्या पट्टीत स्टेनलेसपण उरत नाही. खारं पाणी नेमकं तिथून शिरतं.

आणि वेल्डच्या अगदी लगतची जागा वाचली, थोडी दूरची मेली, हे कसं? लगतची जागा हजार अंशांच्या वर गेली, तिथे कार्बाइड विरघळून जातात. थोड्या अंतरावर मात्र धातू बरोबर त्या घातक पट्ट्यात तापला. वर शाफ्ट जाड, खाच खोल, त्यामुळे थरावर थर, मधे थांबणं नाही. जाड सळई सावकाश निवली आणि कार्बनला हवा तेवढा वेळ मिळाला. ग्लँडजवळ पाणी साचून राहतं, हवा कमी मिळते, थराला पुन्हा धरायला त्रास होतो. म्हणजे नको ती जागा आणि नको तो ताप एकाच ठिकाणी आले.

घरी येऊन हे सांगितल्यावर तांडेलमामा म्हणाले, "मग लाल करून पाण्यात घालायचा होता ना. कडक झाला असता."

त्यांचं चूक नव्हतं. आमच्याकडे गावोगावचा लोहार कोयतीला तसंच पाणी देतो. कोयतीचं पोलाद कार्बनचं. ७२७ अंशांच्या वर लाल केलं की कार्बन आत विरघळतो, पाण्यात बुडवलं की त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण रचना तयार होते. ती काचेसारखी तडकू नये म्हणून लोहार पुन्हा जरा तापवतो आणि घासलेल्या पात्यावर चढणारा रंग बघतो. पेंढ्यासारखा पिवळा आला की २३० अंशांच्या आसपास, निळा आला की ३००च्या. थर्मामीटर नाही, नुसती नजर. ही विद्या मला लॅबमधल्या विद्येपेक्षा कमी वाटत नाही. फरक एवढाच की ३०४ पाण्यात बुडवल्याने कडक होत नाही, उलट मऊ राहतं. त्याला १०५० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात बुडवतात ते कार्बाइड विरघळवून तसंच थिजवण्यासाठी. म्हणजे मामांनी सांगितलेला उपाय खराच होता, त्याने गंज थांबला असता. पण एवढा लांब शाफ्ट भट्टीत घालून बुडवला की वाकतो, आणि सरळ करून पुन्हा टर्न करेपर्यंत मापात राहत नाही. शिवाय भेगा आधीच पडल्या होत्या. त्या भट्टीने भरत नाहीत.

नवा शाफ्ट घ्यायचा ठरला. मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. ३१६एल, ज्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. किंवा २२०५ डुप्लेक्स, ज्यात फेराइट आणि ऑस्टेनाइट (३०४ची नेहमीची रचना) जवळपास निम्मे निम्मे असतात आणि ताकद ३१६च्या जवळजवळ दुप्पट. डुप्लेक्सचा मोह झाला होता. पण ते ७०० ते ९५० अंशांत रेंगाळलं तर सिग्मा नावाची ठिसूळ रचना धरतं, आणि उद्या कुणी त्याच्यावर आपल्या सवयीने वेल्डिंगचे थर चढवले तर पुन्हा तेच. मिरकरवाड्याच्या रीती बघता मी ३१६एल घेतलं.

मुंबईहून सळई मागवताना मी ग्रेड आणि माप एवढ्यावर थांबलो नाही. टेस्ट सर्टिफिकेट मागितलं, त्यावरचा हीट नंबर, म्हणजे माल कोणत्या ओतीतला ते सांगणारा आकडा, सळईवरच्या ठशाशी जुळवला, आणि रासायनिक तक्त्याच्या खालची ओळ वाचली, जी कुणी वाचत नाही: सोल्यूशन अॅनील केलंय का, म्हणजे वर सांगितलं तसं तापवून पाण्यात बुडवलंय का, आणि मग थंड ओढलंय का. ओढल्याने कण लांबट होतात, धातू घट्ट होतो, ताकद वाढते. व्यापाऱ्याला माझ्या प्रश्नांचा कंटाळा आला असावा, पण उत्तरं मिळाली. शेवटाची एक चकती कापून कोल्हापूरला पाठवली. तीच ऑक्झॅलिकची परीक्षा. सीमा पायऱ्यांच्या, खंदक नाही.

लेथचं काम मिरजोळे एमआयडीसीत केलं. लेथवाल्या दादांशी माझी थोडी हुज्जत झाली. हे स्टेनलेस कापताना बोथट टूल नुसतं घासत राहिलं तर वरचा थर घट्ट होऊन बसतो आणि पुढचा कट त्यावरून सटकतो. धारदार टूल, थोडा खोल कट, फीड मधे थांबवायचा नाही. दोन टूलं गेल्यावर त्यांनाही पटलं. पंखा शाफ्टवर निसटून फिरू नये म्हणून जी चावी बसते तिची खाच मी आग्रहाने तळाशी गोलाईच्या कोपऱ्यांची आणि शेवटाला हळूहळू वर येणारी करून घेतली. धारदार कोपऱ्यात ताण साचतो आणि फटीगला तेवढं निमित्त पुरतं.

धातूच्या आत सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा नीट पाहिलं ते १८६३च्या सुमारास शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने, आणि १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस बनवलं तेही शेफिल्डलाच. म्हणजे या ज्ञानाची सुरुवात होऊन शंभरावर वर्षं झाली. ते आमच्या बंदरापर्यंत का पोचलं नाही, याचा मला मनापासून राग येतो. ज्या वर्कशॉपने शाफ्ट भरला त्यांनी काम नीटनेटकंच केलं होतं. त्यांना कमी कार्बनचा माल, थर चढवताना मधे थंड होऊ देणं, एवढं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी तेही केलं असतं. आता ते विचारायला येतात, आणि मी मॅडमनी दिलेले फोटो दाखवतो.

ऑगस्टमध्ये बोट उतरली. पुढच्या पावसाळ्यात वर घेतल्यावर शाफ्ट बाहेर काढला, भेगा दाखवणारा लाल डाय मारला, पुसला, पांढरं डेव्हलपर फवारलं. चावीच्या खाचेत भेग नाही, ग्लँडजवळही नाही. पॅकिंग मात्र आधीच्या कारागिराने ग्रॅफाइटचं घातलं होतं. ग्रॅफाइट आणि स्टेनलेस खाऱ्या पाण्यात एकत्र आले की बॅटरी तयार होते आणि खाल्लं जातं ते स्टेनलेस. ते काढून पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) घातलं, शाफ्टऐवजी आधी खाल्ला जाणारा जस्ताचा नवा ठोकळा लावला, आणि पंखा चढवला.