हिमाचल समजून घ्यायचा तर आधी नद्या काढा

आपल्याकडे हिमाचल म्हटले की सिमला–कुलू–मनाली हे तीन शब्द एका दमात येतात. सात दिवसांच्या सहलीला ते पुरेसे आहेत. पण या राज्याचा इतिहास-भूगोल नीट कळायला हवा असेल, तर गावांच्या यादीपासून सुरुवात केली की गोंधळ ठरलेला. जिल्ह्यांपासून केली तर त्याहून जास्त, कारण इथले बरेच जिल्हे डोंगररांगेच्या दोन्ही अंगांना पसरलेले आहेत आणि सरकारी सीमा माणसांच्या येण्याजाण्याशी जुळत नाहीत.

म्हणून कोरा नकाशा घ्या. साधा रेखांकित चालेल, त्यावर जिल्हे छापलेले नसले तर उत्तम. शेजारी उंचसखलपणा दाखवणारा प्राकृतिक नकाशा ठेवा. राज्य मोठे नाही: 55,673 चौरस किमी, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या साधारण सव्वातीनपट. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 68 लाखांच्या वर होती. पण उनाच्या बाजूला जमीन समुद्रसपाटीपासून 400 मीटरच्याही खाली आहे आणि किन्नौरमध्ये तिबेटच्या सीमेवरचे रिओ पुरग्याल हे शिखर 6,816 मीटरवर आहे. एवढ्याशा जागेत एवढा चढ, हेच या राज्याचे खरे माप.

आता पाच नद्या काढा. पहिली सतलज, कारण ती सगळ्यांत हट्टी. ती तिबेटातून शिपकी-ला जवळ आत येते आणि हिमालयाची मुख्य रांग सरळ चिरत खाली उतरते. डोंगर वर उचलला जाण्याआधीपासून ती वाहत होती. डोंगर चढत गेला तशी ती कापत गेली, म्हणून किन्नौरमधली तिची घळ इतकी खोल. खाब इथे तिला स्पिती नदी मिळते, पुढे रामपूर, बिलासपूर आणि भाक्रा धरण.

दुसरी बियास. रोहतांगच्या बाजूने निघून मनाली, कुलू करत ती दक्षिणेला येते, लारजीपाशी पश्चिमेला वळते आणि मंडीवरून कांगड्यात जाते. तिसरी रावी: तिचा उगम बडा भंगाल भागात, मग धौलाधार आणि पीर पंजाल यांच्या मधल्या पन्हळीतून चंबा. चौथी चिनाब. बारालाचा खिंडीच्या एका अंगाने चंद्रा आणि दुसऱ्या अंगाने भागा निघते. दोघी लांब वळसे घेऊन केलाँगजवळ तांदी इथे भेटतात आणि तिथून पुढे चंद्रभागा, म्हणजेच चिनाब. आपल्या पंढरपूरच्या चंद्रभागेचा हिच्याशी पाण्याचा काही संबंध नाही. तिथे भीमेला चंद्रकोरीसारख्या वळणामुळे ते नाव मिळाले, इथे दोन नद्यांच्या नावांची बेरीज आहे.

पाचवी यमुना. राज्यातून वाहते असे म्हणण्यापेक्षा आग्नेय सीमेला घासून जाते म्हणणे बरोबर. पण गिरी आणि पब्बर या नद्या तिचेच पाणलोट. आधीच्या चार नद्या सिंधूला मिळतात, ही एकटी गंगेला. सिमला शहर नेमके या पाणलोटाच्या धारेवर वसले आहे: तिथल्या डोंगरमाथ्याच्या एका उताराचे पाणी सतलजमार्गे अरबी समुद्राकडची वाट धरते, तर दुसऱ्या उताराचे यमुनेतून बंगालच्या उपसागराकडची.

बियास काढताना एक चूक हमखास होते. मंडीच्या वरच्या बाजूला पंडोह धरणापाशी या नदीचे बरेचसे पाणी बोगद्यांतून आणि एका कालव्यातून सुंदरनगरमार्गे सतलजमध्ये सोडले आहे. 1977 पासून हे चालू आहे. तिथे देहर इथे 990 मेगावॅटचे वीजघर आहे. त्यामुळे पंडोहच्या खाली नदीचे पात्र रोडावलेले दिसले तर ते उन्हाळ्यामुळे आहे असे समजू नका.

नद्यांनंतर भिंती. दक्षिणेकडून वर जाताना आधी शिवालिक, मग धौलाधार, मग पीर पंजाल, मग मुख्य हिमालय आणि अगदी उत्तरेला झंस्कार. यातली धौलाधार नीट समजली की हवामान समजले. धरमशाला सुमारे 1,450 मीटरवर आहे आणि तिच्या पाठीशी ही रांग मधले टप्पे न घेता एकदम चार हजार मीटरच्या वर चढते. पंजाबच्या मैदानावरून आलेले ढग तिला आदळून रिकामे होतात, म्हणून धरमशाला राज्यातल्या सर्वांत ओल्या जागांपैकी एक. स्पितीपर्यंत ढग पोचेतो त्यांत काही उरत नाही. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जो फरक आपण पाहतो तोच, फक्त भिंती एकामागे एक तीन-चार. घरांची छपरे पाहिली तरी कळते: कांगडा-चंब्यात उतरती, पाटीच्या दगडाची. स्पितीत सपाट, मातीची. सपाट छपरावरचा बर्फ फावड्याने ढकलता येतो, पण दोन दिवसांची सलग झड त्या मातीला सोसत नाही.

भिंतींतली दारे म्हणजे खिंडी. रोहतांग 3,978 मीटर, कुंजुम साडेचार हजारांच्या वर, बंजारहून आनीकडे जाणारी जालोरी सुमारे 3,100. ‘ला’ या तिबेटी शब्दाचाच अर्थ खिंड, त्यामुळे ‘शिपकी-ला पास’ म्हणणे म्हणजे ‘खिंड खिंड’ म्हणणे. चंबा-कांगड्याकडे खिंडीला ‘जोत’ म्हणतात. गद्दी मेंढपाळ याच जोतांवरून उन्हाळ्यात कळप घेऊन लाहौलकडे चढतात आणि थंडीत खालच्या टेकड्यांत उतरतात. ‘धार’ म्हणजे डोंगराची कड, ‘खड्ड’ म्हणजे ओढा (खड्डा नव्हे!), कुलूकडचे ‘थाच’ म्हणजे उंचावरचे कुरण, कांगड्यातले ‘कुहल’ म्हणजे ओढ्याचे पाणी शेतात नेणारा पाट. एवढे सहा शब्द पाठ असले तरी नकाशावरची निम्मी नावे बोलू लागतात.

आता जिल्ह्यांच्या सीमा काढा आणि त्या कुठे फसवतात ते पाहा. लाहौल आणि स्पिती हा एक जिल्हा, राज्याच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ एक चतुर्थांश. 2011 मध्ये तिथे माणसे होती 31,564. पण लाहौल आणि स्पिती ही दोन वेगळी खोरी आहेत, मध्ये कुंजुम. हिवाळ्यात कुंजुम बंद झाली की स्पितीतल्या काझाहून आपल्याच जिल्ह्याच्या मुख्यालयाला, केलाँगला, जायचे तर किन्नौर, रामपूर, मंडी, कुलू, मनाली असा अर्ध्या राज्याचा वळसा, आणि मग अटल बोगदा. हा 9.02 किमीचा बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला. त्याआधी रोहतांगवर बर्फ पडले की लाहौलचेच दार बंद होई. चंबा जिल्ह्यातले पांगीचे खोरे तसेच. मध्ये साच खिंड आहे, ती हिवाळ्यात बंद असते, म्हणून तिथली माणसे चिनाबच्या काठाने लाहौलमधून फिरून येतात. आणि रावीच्या उगमाकडचे बडा भंगाल आहे कांगडा जिल्ह्यात, पण धौलाधारच्या पलीकडे.

इतिहास याच खोऱ्यांत ओतलेला आहे. इथे सबंध मुलूख एका छत्राखाली आणणारे स्थानिक राज्य फारसे झाले नाही, कारण एका खोऱ्यातून दुसऱ्यात फौज न्यायची तर वर्षाचे मोजके महिनेच हाती. कांगड्यात कटोच घराणे, रावीवर चंबा, बियासच्या वरच्या अंगाला कुलू, खाली मंडी, तिच्या शेजारी सुकेत, सतलजवर बुशहर आणि कहलूर म्हणजे बिलासपूर, गिरीच्या खोऱ्यात सिरमौर. सिमल्याभोवती तर इतकी छोटी संस्थाने की त्यांना ‘ठकुराई’ म्हणत. राजांच्या वंशावळ्या पाठ करण्यात अर्थ नाही. कुठले राज्य कुठल्या पाण्यावर, एवढे लक्षात ठेवा.

एक काळ मात्र बारकाईने पाहावा: 1806 ते 1846 ही चाळीस वर्षे. कांगड्याचा राजा संसारचंद शेजाऱ्यांना डोईजड झाला, तेव्हा त्यांनी नेपाळच्या गोरख्यांना बोलावले. गोरखा सेनापती अमरसिंह थापाने 1806 पासून कांगड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संसारचंदने रणजितसिंहाची मदत मागितली. 1809 मध्ये गोरखे हटले, पण किल्ला रणजितसिंहाने ठेवून घेतला. पुढे इंग्रजांनी 1814-16 च्या युद्धात गोरख्यांना हरवले आणि सतलजच्या दक्षिणेची बहुतेक संस्थाने सनदा देऊन राजांना परत केली, मोक्याच्या जागा तेवढ्या स्वतःकडे ठेवल्या. 1864 मध्ये सिमला उन्हाळी राजधानी झाली. दरम्यान 1846 मध्ये, पहिल्या शीख युद्धानंतर, कांगडा, कुलू, लाहौल, स्पिती हा पट्टा थेट इंग्रजी अमलात आला. चंबा, मंडी, सुकेत ही संस्थानेच राहिली.

1846 ची ही रेघ पुढे 120 वर्षे पुसली गेली नाही. 15 एप्रिल 1948 ला तीस डोंगरी संस्थाने मिळून हिमाचल प्रदेश झाला, त्यात फक्त संस्थानी मुलूख आला. इंग्रजी अमलातला कांगडा-कुलूचा पट्टा पंजाबात राहिला. परिणामी चंबा उरलेल्या हिमाचलपासून पूर्ण तुटलेला. कारभार सिमल्यातून चाले, पण सिमला शहर मात्र पंजाबचे! बिलासपूर 1 जुलै 1954 ला सामील झाले, 1956 मध्ये राज्याचा दर्जा खाली येऊन केंद्रशासित प्रदेश झाला. 1 नोव्हेंबर 1966 ला पंजाबची फेररचना झाली तेव्हा कांगडा, कुलू, लाहौल-स्पिती, सिमला, उना, नालागढ हे सगळे आले आणि नकाशा सलग झाला. 25 जानेवारी 1971 ला देशाचे अठरावे राज्य. यशवंतसिंह परमार पहिले मुख्यमंत्री. उना, हमीरपूर आणि सोलन हे जिल्हे 1972 चे. आजही ‘जुना हिमाचल’ आणि ‘नवा हिमाचल’ असा भेद कानावर येतो, तो या दोन टप्प्यांचा.

भूगोल तारखासुद्धा ठरवतो. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक बहुतेक ठिकाणी 1952 च्या सुरुवातीला झाली. किन्नौरमध्ये तोवर बर्फाने वाटा बंद होतात म्हणून तिथे ऑक्टोबर 1951 मध्येच मतदान उरकले. कल्पाचे शिक्षक श्याम सरन नेगी स्वतंत्र भारताचे पहिले मतदार ठरले ते त्यामुळे.

जुन्या इमारती बघताना 4 एप्रिल 1905 ही तारीख मनात ठेवा. त्या दिवशीच्या कांगडा भूकंपात सुमारे 20,000 माणसे गेली, कांगड्याचा किल्ला आणि ब्रजेश्वरी देवीचे देऊळ ढासळले. आज दिसते ते देऊळ नंतरचे. तेराव्या शतकातले बैजनाथचे मंदिर मात्र तगले. कुलू-सराहनकडे लाकडाच्या तुळया आणि दगड यांचे आलटून पालटून थर रचून, चुना-सिमेंटशिवाय बांधतात. ही ‘काठकुणी’ पद्धत. भिंत हादऱ्याबरोबर थोडी हलते, म्हणून फुटत नाही. मराठी माणसाने कांगड्यातले मसरूर चुकवू नये. वेरूळच्या कैलासासारखा अखंड खडक कोरून काढलेला हा मंदिरसमूह साधारण आठव्या शतकातला, म्हणजे कैलासाच्याच काळाच्या आसपासचा. पण तिथला वालुकाश्म आपल्या बेसाल्टपेक्षा मऊ, त्यामुळे नक्षी बरीच झिजली आहे. स्पितीतले ताबोचे मठ 996 सालचे, आतली चित्रे पाहायला स्वतःची मंद विजेरी न्या. फोटो काढू देत नाहीत.

प्रत्यक्ष फिरताना चुका ठराविकच होतात. पहिली अंतराची. आपण मनात मुंबई-पुण्याचा वेग धरतो, इथे डोंगरी रस्त्यावर ताशी 25 ते 30 किमी धरा, काझा–मनाली मार्गावर त्याहून कमी. तो मार्ग साधारण जून ते ऑक्टोबरच चालू असतो. दुसरी उंचीची. मनालीहून (सुमारे 2,050 मीटर) निघून त्याच दिवशी कुंजुम ओलांडून काझाला मुक्काम केला की डोके धरते, मळमळते, झोप लागत नाही. सिमला, मग रेकाँग पिओ किंवा कल्पा, मग नाको किंवा ताबो, मग काझा असे चार मुक्कामांत चढा आणि मनालीकडून उतरा. तिसरी चूक जुलै-ऑगस्टची. जुलै 2023 च्या पुरात बियासने कुलू–मनाली महामार्गाचे लांबच लांब तुकडे नेले. रस्ता आणि हॉटेले नदीच्या पूरपात्रात, वरचा उतार उभा कापलेला, मग दुसरे काय व्हायचे? नदीकाठची खोली सुंदर असते, पण पावसाळ्यात जायचेच असेल तर पात्रापासून वर, जुन्या गावठाणात राहा. जुनी गावे कुठे आहेत ते पाहिले की पाणी कुठवर चढते ते कळते.

रेल्वेने चढायचे तर दोन छोट्या गाड्या. कालका–सिमला, 96 किमी, 1903 ची. तिच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक असते. पण भूगोल शिकायला पठाणकोट–जोगिंदरनगर ही 164 किमीची, 1929 मधली वाट जास्त कामाची, कारण ती कांगडा खोऱ्यातून धौलाधारच्या पायथ्याने जाते आणि ती भिंत तासन्‌तास डाव्या खिडकीत राहते. पावसाळ्यात ती बऱ्याचदा बंद असते, आधी चौकशी करा.

शेवटी दोन गोष्टी, ज्यांवाचून आजचा हिमाचल समजत नाही. एक सफरचंद: 1916 च्या सुमारास इथे स्थायिक झालेले अमेरिकन सॅम्युएल स्टोक्स यांनी कोटगढला अमेरिकेतली ‘रेड डिलिशियस’ जात आणली. या झाडाला हिवाळ्यात 7 अंशांखालचे हजारभर तास लागतात, म्हणून बागा साधारण 1,500 ते 2,700 मीटरच्या पट्ट्यात. थंडी कमी पडली की खालच्या बागांतला बहर आधी हुकतो. दुसरी जमीन. 1972 च्या कूळ आणि जमीन सुधारणा कायद्याच्या कलम 118 नुसार हिमाचलमधला शेतकरी नसलेल्या कोणालाही सरकारच्या परवानगीशिवाय इथे जमीन विकत घेता येत नाही. सफरचंदाची बाग बघून ‘एक तुकडा घेऊन ठेवू’ असे वाटलेच, तर आधी ते कलम वाचा आणि एजंटाला पैसे द्यायचे मग ठरवा.