तो चमचा, ती वाटी, ते ताट आणि आमच्या शाळेतलं जर्मन

जानेवारीत लेकीच्या हायस्कूलकडून ईमेल आली, की पुढच्या वर्षीपासून जर्मन १, म्हणजे जर्मनचा पहिल्या वर्षाचा वर्ग, बंद. जे आधीच शिकतायत त्यांनी उरलेलं ऑनलाइन करायचं. कारण काय, तर जर्मनच्या बाई जूनमध्ये रिटायर होतायत, त्यांच्या जागी कोणी मिळत नाहीये आणि नवीन वर्गाला नावं आली फक्त १४, लागतात २०.

आता हे दुसरीकडे कुठे झालं असतं तर मी खांदे उडवले असते, पण आम्ही राहतो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकीच्या शेजारी! या शहराला एकेकाळी जर्मन अथेन्स म्हणायचे, बिअरचे नावाजलेले जुने कारखाने जर्मनांचे, डाउनटाउनमधला टर्नर हॉल हा जुना व्यायामशाळा-क्लब जर्मनांचा, उन्हाळ्यात कुठल्याही पिकनिकला गेलात तर ग्रिलवर ब्रॅटवुर्स्ट, म्हणजे जर्मन सॉसेज, असणारच (आम्ही आपले बाजूला कणीस भाजतो). इथून तासाभरावर वॉटरटाउन नावाचं गाव आहे, तिथे मार्गारेट शुर्झ या बाईंनी १८५६ मध्ये अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन काढलं, तेही जर्मन भाषेत. आपल्याकडच्या ज्युनिअर केजीतला ‘के’ तो हाच.

बरं, ही माणसं भाषेसाठी भांडलेलीसुद्धा आहेत. १८८९ मध्ये विस्कॉन्सिनने शाळेत इंग्रजीतूनच शिकवा असा बेनेट कायदा केला, तर एरवी एकमेकांशी न पटणारे लुथरन आणि कॅथलिक जर्मन एकत्र आले, पुढच्याच वर्षी गव्हर्नर होर्डना घरी बसवलं आणि १८९१ मध्ये कायदा रद्द. मग पहिलं महायुद्ध आलं आणि सगळं उलटं झालं, जर्मन बोलणं म्हणजे जवळजवळ देशद्रोह. नेब्रास्कात १९१९ मध्ये आठवी पास होईपर्यंत परकी भाषा शिकवायलाच बंदी केली, रॉबर्ट मायर नावाच्या मास्तरांना दहा वर्षांच्या पोराला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून २५ डॉलर दंड झाला, ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९२३ मध्ये जिंकले. म्हणजे कायद्याला जे जमलं नाही ते आता पटावरचा आकडा करतोय, कोणाचा राग नाही, कोणाची बंदी नाही, नुसतीच नावं येत नाहीत.

आणि मला हसायचा हक्क नाही. २०१४ मध्ये आपल्याकडे केंद्रीय विद्यालयांत वर्षाच्या मधेच जर्मन काढून संस्कृत आणलं, तेव्हा मी इथे चहा पीत बातमी वाचली होती आणि विसरून गेले होते. मी स्वतः पुण्यात अकरावीला जर्मन घेतलं ते निव्वळ स्कोअरिंग म्हणून, खोटं कशाला बोलू.

तर स्कूल बोर्डाच्या मीटिंगला गेले. तिथे कोणीही उठून तीन मिनिटं बोलू शकतं, मग घंटी वाजते. बोर्डावरच्या निम्म्या लोकांची आडनावं जर्मन आणि जर्मनसाठी बोलायला उभी कोण, तर कुर्ता घातलेली पुण्याची बाई. मी सांगितलं की इथली पोरं डेर-डी-डासला, म्हणजे जर्मनमधल्या तो-ती-तेला, घाबरतात, चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी हे काय म्हणे, पण माझ्या मुलीला ते पहिल्या दिवशी कळलं कारण घरी तो चमचा, ती वाटी, ते ताट चालूच असतं. क्रियापद वाक्याच्या शेवटी नेऊन ठेवायचं याचंही तिला काही वाटत नाही, जर्मन लोक अधूनमधून करतात, आपण तर जन्मभर तेच करतो. घंटी वाजली तेव्हा मी ताटावरच होते.

एक आजोबा नंतर येऊन म्हणाले की माझी आजी जर्मनमधून प्रार्थना करायची, मला त्यातला एक शब्द येत नाही. त्यावर काय बोलणार, मी नुसती मान हलवली.

बोर्डाने मार्चअखेरपर्यंत मुदत दिलीय. २० नावं झाली तर दुसऱ्या शाळेतल्या सरांना अर्धा दिवस इकडे पाठवणार. लेक आणि तिच्या मैत्रिणी दर शुक्रवारी मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात टेबल मांडून आठवीतल्या पोरांना प्रेट्झेल वाटतात आणि फॉर्म भरून घेतात. काल आकडा १९ वर गेला.

आमचा धाकटा आठवीतच आहे. प्रेट्झेल दोन खाल्ले त्याने, फॉर्मवर स्पॅनिश लिहून आलाय.