किल्लारी शोधताना खिल्लार बैल: पायअ‍ॅलेक्सची नोंदवही

आषाढी एकादशी

उपवास, त्यात मिलला सुट्टी, म्हणजे दिवसभर मोकळा. मी लातुरात एका डाळमिलमध्ये हिशेब लिहितो. संध्याकाळी घरी आलो की जेवण आणि मग चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो ती एक्सेलला कंटाळून, आता एक्सेलपेक्षा पायथनवरच जास्त वेळ जातो.

या वेळचा खेळ असा: 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी आमच्या भागात, किल्लारीला, जो भूकंप झाला, त्यावर जगभरात जे संशोधन छापून आलं त्याची एक यादी करायची. मी तेव्हा सात वर्षांचा. आमचं गाव औसा तालुक्यात. यादीचं पुढं काय करणार असं मित्रांनी विचारलं, तर तिकिटं जमवणाऱ्याला कुणी हे विचारतं का?

साधन आहे ओपनअ‍ॅलेक्स. मायक्रोसॉफ्टचा अकॅडेमिक ग्राफ 2021 च्या अखेरीस बंद पडला आणि त्याची जागा घ्यायला अवररिसर्च या ना-नफा संस्थेने जानेवारी 2022 मध्ये हे सुरू केलं. नाव अलेक्झांड्रियाच्या जुन्या ग्रंथालयावरून. शोधनिबंध, लेखक, नियतकालिकं, संस्था, कुणी कुणाचा संदर्भ दिला, सगळं खुलं आणि वापराला मोकळं. त्याच्याशी पायथनमधून बोलायला पायअ‍ॅलेक्स नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. पिप इन्स्टॉल केलं, कॉन्फिगमध्ये ईमेल टाकला, झालं. (मी सुरू केलं तेव्हा ईमेल पुरायचा. नियम बदलत असतात, तुम्ही सुरू करण्याआधी त्यांचं पान वाचा.)

पहिली ओळ: वर्क्स, त्याला सर्च, त्यात किल्लारी भूकंप इंग्रजीत, शेवटी गेट. एंटर मारला आणि पंचवीस लेख आले. असा आनंद झाला की फराळाची भगर गार झाली.

पुढचा आठवडा

पंचवीसची फजिती आधी सांगून टाकतो, म्हणजे नव्यांनी तीच करू नये.

मी आठवडाभर चहाच्या टपरीवर बोलत होतो की बघा, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली आणि जगानं पंचवीस लेख लिहिले. वर मराठवाड्याकडे कुणी बघतच नाही, हेही. ऐकणारे माना डोलवत होते, कारण हे वाक्य आमच्याकडे कुठल्याही विषयावर चालतं. मग दुसरा शब्द टाकला, पंचवीस. तिसरा टाकला, पंचवीस. तेव्हा ट्यूब पेटली. गेट नुसतं पहिलं पान आणून देतं, आणि काही सांगितलं नाही तर पानावर पंचवीसच नोंदी असतात. खरा आकडा हवा तर गेटच्या जागी काउंट लिहायचं. इतकं सोपं. टपरीवर मी अजून दुरुस्ती केलेली नाही.

सगळ्या नोंदी हव्या असतील तर पेजिनेट, म्हणजे पानामागून पान. मी सुरू केलं तेव्हा एका पानावर जास्तीत जास्त 200 मागता यायच्या. पायअ‍ॅलेक्स आपणहून 10,000 नोंदींवर थांबतं, त्यापुढचं हवं तर एन-मॅक्स या मर्यादेला नन, म्हणजे काहीच नाही, असं द्यायचं. माझ्या विषयाला तेवढी गरजच नाही. मात्र पेजिनेट एकेक लेख देत नाही, पानाची पानं देतं. म्हणजे लूपच्या आत लूप. पहिल्या रात्री मी पानालाच लेख समजून त्याचं शीर्षक विचारत बसलो होतो.

मिलच्या भाषेत सांगायचं तर ट्रकमधून दाणे उतरत नाहीत, पोती उतरतात.

श्रावण, दुसरा सोमवार

गोषवाऱ्यावर अडकलो होतो. ओपनअ‍ॅलेक्स कायदेशीर कारणांमुळे गोषवारा सलग मजकूर म्हणून देत नाही. उलटी सूची देतं: प्रत्येक शब्द, आणि तो शब्द मजकुरात कितव्या जागी आला त्याचे आकडे. समजा हरिपाठाच्या पहिल्या अभंगाचे शब्द कुणी सुटे केले आणि प्रत्येकापुढे जागा लिहिली: देवाचिये 1, द्वारीं 2, उभा 3. जुळवून लावले की पुन्हा अभंग. शून्यापासून मोजतात एवढाच फरक.

मी दोन संध्याकाळी खर्चून जुळवणीचं फंक्शन लिहिलं, चाललं, स्वतःवर खूश झालो. आणि मग दिसलं की पायअ‍ॅलेक्समध्ये लेखाला नुसतं अ‍ॅबस्ट्रॅक्ट विचारलं की ते स्वतःच जुळवून देतं. असो, फंक्शन चांगलं झालं होतं.

पण इथे एक गोम आहे. अ‍ॅबस्ट्रॅक्ट हा खरा रकाना नाही, विचाराल त्या क्षणी तो तयार होतो. त्यामुळे सगळ्या नोंदी पांडाज या लायब्ररीच्या डेटाफ्रेममध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यात, ओतल्या तर तिथे अ‍ॅबस्ट्रॅक्टचा कॉलम दिसणार नाही, उलटी सूचीच दिसेल. आधी प्रत्येक लेखाला विचारून मजकूर वेगळा ठेवायचा, मग ओतायचं. आणि वेळ वाचवायला सिलेक्टने मोजकेच रकाने मागवत असाल तर उलटी सूची मागायला विसरू नका. ती नसेल तर जुळवणार काय, की-एरर येतो, म्हणजे रकानाच सापडत नाही.

सगळ्याच लेखांना गोषवारा असतो असंही नाही. जुन्या लेखांकडून फार अपेक्षा ठेवू नये.

पोळा

आजची नोंद पोळ्यालाच यावी हा योगायोग, पण झालं खरं तसंच.

यादी वाढेना म्हणून मी स्पेलिंगच्या मागे लागलो. किल्लारी हे नाव रोमन अक्षरांत बहुतेक लोक के-आय-डबल एल असं लिहितात. पण काही परदेशी लेखांत के नंतर एच घातलेला दिसला, म्हणजे उच्चारायला गेलं तर खिल्लारी. म्हटलं तेही टाकून बघू. टाकलं आणि लेखांचा कळपच आला. वाचायला लागलो तर वशिंड, वीर्याची प्रत, ओढकामाची ताकद, वासरांचं वजन. खिल्लार बैल! इंग्रजीत त्या जातीला सर्रास खिल्लारीच लिहितात. मी भूकंप शोधत होतो आणि लॅपटॉपमध्ये पोळा भरला होता. खाली गल्लीतून खऱ्या बैलांची मिरवणूक चाललेली, हलगी वाजत होती, आणि मी वर बैलांचे गोषवारे वाचत बसलेलो.

पहिला विचार आला तो नॉट लावायचा: खिल्लारी हवं, पण गुरं नकोत. तसं करू नका. भूकंपावरच्या लेखांतही गुरं येतात, कारण जनावरंही दगावली, आणि भूकंपाआधी जनावरं कशी वागली हा एक विषयच आहे. नॉट लावला की बैलांबरोबर असे लेखही दावं सोडून जातात. वगळण्यापेक्षा मागणं बरं. एका कंसात नावं, मधे ऑर. दुसऱ्या कंसात भूकंप, भूकंपीय, प्रस्तरभंग (खडकातली सरकलेली भेग) असे शब्द, मधे ऑर. दोन कंसांमधे अँड. ऑर, अँड, नॉट ही तिन्ही मोठ्या लिपीत लिहायची.

नावांच्या कंसात सध्या हे आहे: किल्लारी, खिल्लारी आणि लातूर. बऱ्याच शास्त्रज्ञांनी याला लातूरचा भूकंप म्हटलंय, किल्लारीचं नावही न घेता. काहींनी नुसतंच महाराष्ट्र 1993. नुसतं लातूर टाकलं तर सोयाबीन आणि तूर येते, तो माझा दिवसभराचा धंदाच आहे, रात्री परत नको.

जाता जाता बीड करून पाहिलं. जुन्या नोंदींत बी-आय-डी, बी-आय-आर, बी-एच-आय-आर असं काहीही सापडतं. बी-आय-डी टाकलं की एकीकडे लिलावाच्या बोली येतात आणि दुसरीकडे औषधांचे लेख, कारण डॉक्टरी भाषेत ही तीन अक्षरं म्हणजे दिवसातून दोनदा. बीडच्या मंडळींनी आपला बंदोबस्त आपण करावा.

महालक्ष्म्या जेवल्या त्या रात्री

सगळे झोपल्यावर शांतपणे वाचलं. इतके दिवस यादी करत होतो, वाचलं कमीच होतं.

शास्त्रज्ञ चक्रावले होते ते यासाठी की दख्खनचं पठार म्हणजे घट्ट, स्थिर भूभाग. हिमालयासारखी प्लेटची कडा इथे नाही. तरी 6.2 चा धक्का, तोही अगदी उथळ. 1992 मध्येही किल्लारीला लहान धक्के बसले होते. माकणीचं निम्न तेरणा धरण जवळच, म्हणून कोयनेसारखं धरणाच्या पाण्यामुळे झालं का, यावर लेखांमागून लेख, आणि दोन्ही बाजूंचे. नंतर किल्लारीला 617 मीटरची विंधणविहीर घेतली. वर 338 मीटर काळा पाषाण, त्याखाली गाळाचा पातळ थर, मग ग्रॅनाइट. मी लगेच फुटांत केलं, 2,000 च्या वर. आमच्याकडे बोअरची खोली ऐकली की माणूस आधी विचारतो पाणी लागलं का. त्यांना पाणी नको होतं, हे पटायला मला एक मिनिट लागलं.

एका गोषवाऱ्यात घरांचं वर्णन होतं: मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि लाकडावर मातीचं जड छत. म्हणजे माळवद! दर पावसाळ्याआधी आजोबा माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचे, गळू नये म्हणून. जुना थर कुणी काढत नव्हतं. वर्षानुवर्षं वजन वाढत गेलं. तो गोषवारा मी दोनदा वाचला आणि लॅपटॉप मिटवला. त्या रात्री पुढे काही केलं नाही.

दोन दिवसांनी

तांत्रिक. नावं कितीही जमवली तरी काही लेख सुटतात, कारण त्यांच्या शीर्षकात ना किल्लारी ना लातूर, फक्त स्थिर खंडीय प्रदेशातले भूकंप. त्यांना पकडायची युक्ती म्हणजे संदर्भांची साखळी. हातातला एक चांगला लेख घ्या, त्याचा डब्ल्यूने सुरू होणारा आयडी घ्या, आणि फिल्टरमध्ये साइट्स, म्हणजे संदर्भ देणारे, म्हणून द्या. त्याचा संदर्भ देणारे सगळे लेख येतात. उलट दिशेने जायचं तर त्याच्या नोंदीत रेफरन्स्ड वर्क्सची यादी असतेच. ते आयडी शंभराच्या गठ्ठ्यांनी मागवावेत. एका फेरीत जे सापडलं ते स्पेलिंगच्या सगळ्या खेळात सापडलं नव्हतं. दुसऱ्या फेरीला मात्र कॅलिफोर्निया, जपान सगळं आत यायला लागतं, तिथे थांबलो.

तेरचंही नाव अशाच एका साखळीतून आलं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, जुनं तगर. तिथे शास्त्रज्ञांनी प्राचीन काळातल्या भूकंपाच्या खुणा शोधल्या आहेत. थेट शोधायला गेलात तर टी-ई-आर ही तीन अक्षरं डच भाषेत पावलोपावली येतात. हॉलंडची वारी करून परत आलो.

मराठीचा फिल्टरही लावला, एम-आर. हाती फारसं काही नाही. भाषा कुणी माणूस ठरवत नाही, शीर्षक आणि गोषवाऱ्यावरून प्रोग्राम ठरवतो. आपल्याकडे लेख मराठीत असला तरी वर शीर्षक इंग्रजी, म्हणजे शिक्का इंग्रजीचा.

अनंत चतुर्दशी

तिथीने उद्याच्या पहाटेचाच तो भूकंप. विसर्जन करून दमून झोपलेली गावं होती.

दुपारपासून लाइट येते-जाते आहे. पायअ‍ॅलेक्समध्ये मॅक्स-रिट्राइज मुळात शून्यावर असतं, म्हणजे सर्व्हरने एकदा नकार दिला की खेळ खलास. मी पाच केलंय. पण घरचं वायफायच गेलं तर त्याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक पान आलं की लगेच फाइलमध्ये उतरवतो. परवा तिसऱ्या पानावर लाइट गेली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं, तेव्हापासूनची ही शिस्त.

आई पाणी प्यायला उठली.

"काय बघायलास रे एवढ्या रात्री?"

"भूकंपावर लोकांनी काय काय लिहून ठेवलंय ते."

"आपल्या गावाचं नाव हाय का त्यात?"

हे मी इतक्या दिवसांत पाहिलंच नव्हतं. गावाचं नाव टाकलं, भूकंपाच्या कंसासह. काउंट शून्य. आईला सांगितलं. ती थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.

"तुझ्या बापाच्या ट्रंकेत घराचा नकाशा हाय. मोजायला आलेल्या सायबांनी दिलेला. त्याच्यावर काय लिहिलंय बघ."

ट्रंक काढली. पुनर्वसनातल्या घराचा नकाशा, घडीवर फाटलेला, पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हाचा. उजव्या कोपऱ्यात इंग्रजीत गावाचं नाव टाइप केलेलं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं तसं नाही. मधे एक एच जास्त आणि शेवटी आयच्या जागी डबल ई.

कंसात एक नाव वाढवलं, ऑर लावला, साइट्सची फेरीही पुन्हा सुरू केली. पहिलं पान उतरतंय. आई शेजारी खुर्ची ओढून बसली आहे, आणि लाइट अजून आहे.