झाडाला चीवर

"मग आता ते झाड कुणी तोडणार नाही ना?"

आज फोनवरचा फोटो बघत लेकीने विचारलं. थायलंडमधलं जुनं झाड, बुंध्याला गुंडाळलेलं भगवं चीवर (भिक्खूंचं वस्त्र), समोर हात जोडलेले भिक्खू. जंगलतोड थांबावी म्हणून तिथले काही भिक्खू १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून झाडांना अशी दीक्षा देतात.

मी फोटो मोठा करून पाहिला. कापडाची गाठ अगदी हलक्या हाताने मारलेली, सालीला काचू नये अशी.

उत्तर इथिओपियाच्या डोंगराळ भागातही उरलंसुरलं जुनं जंगल बरंचसं चर्चभोवतीच टिकलंय. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पर्यावरणावर साऱ्या जगाला उद्देशून पत्र लिहिलं, तेही हवंच होतं. पण माझं मन त्या गाठीपाशीच अडकलंय.

लेकीला 'नाही तोडणार' म्हणाले खरी. आपल्या श्रद्धेत एवढं बळ आहे ना अजून?